लाईन आली, पण सर्व्हर सापडेना : जिनिंगच्या ऑफिसातला नाव-पत्त्याचा गोंधळ कसा मिटवायचा

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यात ही लक्षणं ओळखीची आहेत. दुपारी दोन तास लाईन जाते, परत येते. कॉम्प्युटर सुरू होतात, मोबाइलवर व्हॉट्सॲप चालतं, म्हणजे इंटरनेट आहे. पण गाड्यांचं वजन होतं त्या काट्याच्या खोलीतलं सॉफ्टवेअर म्हणतं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचं डेटाचं फोल्डर सापडत नाही. पावती अडते. ऑफिसातला प्रिंटर जागेवर असून, हिरवा दिवा लागलेला असून ‘ऑफलाइन’ दाखवतो. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. मग कुणीतरी राउटर बंद-चालू करतं, प्रिंटर काढून पुन्हा टाकतं, आणि काम चालू होतं. पुढल्या वेळी लाईन गेली की पुन्हा तेच.

यात बहुतेक वेळा कोणतंही यंत्र बिघडलेलं नसतं. यंत्राचं नाव, त्याचा पत्ता आणि ते यंत्र स्वतः या तिघांची जोडी तुटलेली असते. राउटर बंद-चालू केल्यावर ती कधी योगायोगाने जुळते, कधी जुळत नाही. हेच दुखणं कृषी सेवा केंद्रात, पतसंस्थेत आणि शाळेच्या संगणक खोलीतही असतं, तेव्हा ‘काटा’ आणि ‘पावती’ हे शब्द आपापल्या ठिकाणच्या कामाप्रमाणे बदलून वाचा.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. ‘हिशेब’ हे कॉम्प्युटरचं नाव, माणसांच्या सोयीसाठी. १९२.१६८.१.१० हा त्याचा आयपी पत्ता, म्हणजे आत्ता नेटवर्कात तो कुठे बसला आहे ते. तिसरा मॅक क्रमांक, सहा जोड्यांचा, जो नेटवर्क कार्ड बनवतानाच त्यात घातलेला असतो. ‘हिशेब कुठे आहे?’ असं काट्याच्या कॉम्प्युटरने विचारलं की आधी नावावरून आयपी शोधला जातो, मग आयपीवरून मॅक, आणि मगच तारेतून डेटा जातो. या दोन सांध्यांपैकी कुठला निखळला ते कळलं की अर्धं काम झालं. न बघता प्रिंटर पुन्हा टाकत राहणं म्हणजे ताप न मोजता गोळ्या देणं.

लाईन गेल्यावरच हे का होतं? आयपी पत्ते राउटर वाटतो. ही वाटप कायमची नसते. काही राउटरांवर दोन तास, काहींवर चोवीस तास अशा मुदतीने पत्ता भाड्याने मिळतो. मुदत निम्मी सरली की यंत्र आपणहून नूतनीकरण मागतं, त्यामुळे वीज चालू असेपर्यंत पत्ता सहसा बदलत नाही. पण बऱ्याच साध्या राउटरांत ‘कोणता पत्ता कुणाला दिला’ ही वही वीज गेली की कोरी होते. लाईन आल्यावर राउटर नव्याने वाटायला बसतो. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आधी जागा झाला आणि १९२.१६८.१.३५ घेऊन बसला. प्रिंटर कुणी चार वाजता चालू केला, त्याला १९२.१६८.१.३८, थोडक्यात .३८ मिळाला. काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र ‘प्रिंटर म्हणजे .३५’ हे पक्कं लिहिलेलं आहे. तो इमानाने .३५ कडे छपाई पाठवतो आणि ती रेकॉर्डरच्या दारात जाऊन पडते.

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. कुणीतरी .३५ ला पिंग करून, म्हणजे त्या पत्त्याला ‘आहेस का?’ असं विचारून बघतं, उत्तर येतं, आणि निष्कर्ष निघतो की ‘प्रिंटर नेटवर्कवर आहे, ड्रायव्हर खराब असेल’. उत्तर रेकॉर्डर देतोय. पिंग लागलं म्हणजे त्या पत्त्यावर कुणीतरी आहे, एवढंच सिद्ध होतं; कोण आहे ते पिंग सांगत नाही.

म्हणून तपासणी अशी करा. (खालचे आदेश इथे देवनागरीत आहेत, कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.)

पहिलं, प्रिंटरच्याच मेनूतून नेटवर्कच्या माहितीचं पान छापा. त्यावर त्याचा आत्ताचा आयपी आणि मॅक दोन्ही असतात. कॉम्प्युटरवर बघायची घाई करू नका, यंत्र स्वतःबद्दल काय म्हणतं ते आधी घ्या.

दुसरं, काट्याच्या कॉम्प्युटरवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर या कॉम्प्युटरला राउटरने पत्ताच दिलेला नाही, त्याने स्वतःच एक ठेवून घेतला आहे. पुढचं काही तपासायची गरज नाही; तार, स्विच आणि राउटर बघा. पत्ता १९२.१६८.० ने सुरू होतोय आणि ऑफिसातले सगळे १९२.१६८.१ वाले असतील, तर दुसऱ्या राउटरचा घोळ आहे, तो खाली वेगळा घेतला आहे.

तिसरं, प्रिंटरच्या पानावर जो आयपी छापला आहे त्याला पिंग करा आणि लगेच ‘आर्प -ए’ द्या. यादीत त्या आयपीसमोर मॅक दिसेल. तो पानावरच्या मॅकशी जोडी-जोडीने ताडून पाहा. जुळला तर बरोबर दारात उभे आहात. नाही जुळला तर एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं आहेत. समोर कॉम्प्युटर असेल आणि पिंगला उत्तर आलं नाही, तरी हिरमुसू नका: विंडोजची फायरवॉल पिंग अडवते, पण आर्पचा प्रश्न, म्हणजे ‘हा आयपी कुणाचा, तुझा मॅक काय?’, सहसा अडवत नाही. पिंग फसलं पण यादीत मॅक आला, म्हणजे यंत्र जिवंत आहे आणि तार ठीक आहे.

चौथं, आता नावाने पिंग करा : ‘पिंग हिशेब’. आकड्याने सापडतं आणि नावाने नाही, तर फक्त पहिला सांधा तुटला आहे. नावाने सापडतं पण दुसराच आकडा दिसतो, तर जुनी आठवण राहिली आहे. ती पुसायला ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ आणि त्यानंतर ‘एनबीटीस्टॅट -आर’, त्यातला आर मोठ्या लिपीतला. लहान लिपीतल्या आरने फक्त आकडेवारी दिसते, पुसलं काहीच जात नाही. दुसरा आदेश ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीतच चालतो.

‘एनएसलुकअप’ या आदेशावर इथे भिस्त ठेवू नका. तो नावावरून आयपी सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरलाच थेट विचारतो. कॉम्प्युटरमधली नाव-पत्त्यांची होस्ट्स फाइल, त्याची आठवण किंवा शेजाऱ्यांना मारलेली हाक, यातलं काहीच बघत नाही. त्यामुळे पिंग नावाने चालतं आणि एनएसलुकअप ‘असं कुणी नाही’ म्हणतं, हे छोट्या ऑफिसात अगदी नेहमीचं आहे. तो बिघाड नव्हे.

आता इलाज. पत्ता प्रत्येक यंत्रात जाऊन बांधण्याऐवजी एकाच ठिकाणी, राउटरमध्ये बांधा. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या भागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. तिथे मॅक आणि त्याला द्यायचा आयपी लिहिला की राउटरची वही कोरी झाली तरी ही जोडी टिकते, कारण ती सेटिंगमध्ये लिहिली जाते. आकडे गटाने ठेवा : राउटर १, काट्याच्या खोलीतला वायफाय २, हिशेबाचा कॉम्प्युटर १०, काट्याचा ११, प्रिंटर २०, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर ३०, हजेरीचं यंत्र ३१. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाइलसाठी वाटपाचा पूल, म्हणजे राउटरने वाटायच्या आकड्यांचा साठा, १०० ते १९९. काही राउटर राखीव आकडाही पुलाच्या आतलाच मागतात. तसं असेल तर पूल १० ते १९९ करा, चालतं.

इंटरनेट कंपनीने बसवलेल्या काही डब्यांत रिझर्व्हेशनची सोयच नसते किंवा पासवर्ड आपल्याकडे नसतो. मग प्रिंटर आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरला हाताने पत्ता द्या, पण तो पुलाच्या बाहेरचा हवा. पुलाच्या आतला आकडा हाताने देणं ही या सगळ्या प्रकारातली सर्रास होणारी चूक आहे. राउटरला ते माहीत नसतं, तो तोच आकडा एक दिवस कुणाच्या तरी मोबाइलला देऊन टाकतो. तो माणूस ऑफिसात असेपर्यंत प्रिंटर बंद, गेला की चालू. असं ‘आपोआप बिघडणारं आणि आपोआप दुरुस्त होणारं’ दुखणं दिसलं की आधी हेच तपासा.

मॅक हा कॉम्प्युटरचा नसून कार्डाचा असतो, हे राखीव जोडी करताना विसरू नका. लॅपटॉपला दोन मॅक असतात, तारेचा एक आणि वायफायचा एक. ज्या वाटेने तो जोडला जातो त्याचाच लिहा. यूएसबीचा वायफाय डोंगल एका कॉम्प्युटरचा काढून दुसऱ्याला लावला तर राखीव पत्ताही डोंगलसोबत तिकडे जातो. आणि मृगाच्या विजांनी दरवर्षी कुणाचं ना कुणाचं लॅन कार्ड जळतंच. नवं कार्ड टाकलं की राउटरमधली जोडी बदलावी लागते, नाहीतर आकडा राखीव राहतो आणि घेणारा कुणी नसतो. मोबाइलसाठी रिझर्व्हेशन करूच नका. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वायफायला खरा मॅक न सांगता बनावट सांगतो.

राउटरला छोटा यूपीएस लावा. हा खर्च थोडा आणि उपयोग मोठा. कॉम्प्युटरमध्ये एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क असेल तर तो अर्ध्या मिनिटात उघडतो, राउटरला मात्र दीड-दोन मिनिटं लागतात. तोवर कॉम्प्युटर पत्ता मागून थकतो, १६९.२५४ वाला घेऊन बसतो, आणि मग साधारण दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो. तेवढ्यात बाहेरची रांग दुप्पट होते. राउटर वीज गेल्यावरही चालू राहिला तर वहीही टिकते आणि ही शर्यतही उरत नाही. घेताना अडॅप्टरवर छापलेलं बघा : बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे, आणि छोटे पाच किंवा आठ पोर्टचे स्विच बहुधा ५ व्होल्टचे. पिन बसते म्हणून १२ व्होल्टची वायर ५ च्या स्विचला लावली की स्विच जातो.

आता काट्याच्या खोलीतला दुसरा राउटर. गेटपर्यंत वायफाय पोचत नाही म्हणून ऑफिसातून तार ओढून तिथे जुना राउटर लावतात, आणि तार सवयीने वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात, म्हणजे इंटरनेट आत घेण्याच्या भोकात घालतात. इंटरनेट चालू होतं, म्हणून सगळ्यांना वाटतं जमलं. पण त्या राउटरने काट्याच्या खोलीभोवती वेगळी भिंत घातलेली असते. छोट्या ऑफिसात नाव शोधायची पद्धत म्हणजे मोठ्याने हाक मारणं आहे : ‘हिशेब कोण आहे?’ असं एक कॉम्प्युटर सगळ्यांना विचारतो आणि हिशेब स्वतः ओ देतो. ही हाक राउटर ओलांडत नाही. म्हणून काट्याच्या खोलीतून आकड्याने ऑफिस सापडतं, नावाने सापडत नाही. आणि ऑफिसातून काट्याचा कॉम्प्युटर तर कशानेच सापडत नाही. दोन्ही राउटर १९२.१६८.१ चेच असतील तर आणखी वाईट, कारण आतल्याला वाटतं की हा पत्ता आपल्याच अंगणातला आहे, बाहेर विचारायचं कारण काय.

दुरुस्ती : दुसऱ्या राउटरच्या पानावर ॲक्सेस पॉइंट मोड (पत्ते न वाटता नुसतं वायफाय पुढे पोचवणारा) असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातला डीएचसीपी बंद करा, आणि ऑफिसातून आलेली तार वॅनमधून काढून लॅनच्या, म्हणजे आतली यंत्रं जोडायच्या कोणत्याही पोर्टात घाला. क्रम हाच ठेवा. आधी तार हलवली तर दोन राउटर एकाच अंगणात पत्ते वाटायला लागतात आणि तासाभरात सगळं ऑफिस विस्कटतं. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर आहे. आवारातून गेटपर्यंत त्याहून जास्त भरत असेल तर फायबर आणि दोन्ही टोकांना फायबरला तांब्याची तार जोडणारा मीडिया कन्व्हर्टर लावा. फायबरमध्ये धातूची आधारतार नसलेली घेतली तर वीज त्यातून येत नाही, तोही फायदाच.

नावांबद्दल थोडं. अमरावतीच्या स्टँडवर नुसतं ‘चांदूर’ म्हटलं तर रेल्वे की बाजार हे विचारावंच लागतं. एकाच जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार असे दोन तालुके आहेत. नेटवर्कातही एका अंगणात एक नाव एकदाच हवं. नवे कॉम्प्युटर घेताना दुकानदार एका डिस्कची नक्कल दुसऱ्यावर टाकून देतो, तेव्हा नावही नकलून येतं, आणि मग जो आधी सुरू होतो त्याला नाव मिळतं, दुसरा तक्रार करतो. म्हणून आल्या-आल्या नाव बदला. नाव पंधरा अक्षरांच्या आत, इंग्रजीत, मधे जागा न सोडता. पंधराच का? जुन्या नेटबायॉस पद्धतीत नावाला सोळा जागा असतात आणि सोळावी यंत्राच्या कामाचा प्रकार सांगायला राखून ठेवलेली असते. लांब नाव दिलं तर ते तिथे पंधरावरच तुटतं, आणि ‘लक्ष्मीजिनिंगऑफिस१’ व ‘लक्ष्मीजिनिंगऑफिस२’ इंग्रजीत लिहिले की शेपूट तुटून एकच होतात.

मोठ्या जगात हा प्रश्न मु., पो., ता., जि. लिहून सुटतो, तसाच इंटरनेटवर डीएनएसने सुटला. त्याआधी अमेरिकेतल्या अर्पानेटवर सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच होस्ट्स फाइलमध्ये लिहिलेले असत आणि जो-तो तिची प्रत उतरवून घेई. यंत्रं वाढली तशी ती फाइल कुणाकडेच ताजी राहीना, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली : प्रत्येकाने आपापल्या तालुक्याची वही सांभाळायची, वरच्याने फक्त ती कुणाकडे आहे एवढं सांगायचं.

ती होस्ट्स फाइल आजही प्रत्येक विंडोजमध्ये आहे : सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून शेवटी ‘१९२.१६८.१.१० हिशेब’ अशी ओळ टाकली की तो कॉम्प्युटर कुणालाच विचारत नाही. फाइलला मागे टीएक्सटी शेपूट लागता कामा नये, नाहीतर ती वाचलीच जात नाही. पण हे औषध जपून. दोन-तीनच कॉम्प्युटर असतील आणि आयपी राखीव केलेला असेल तरच वापरा. आयपी बांधलेला नसताना होस्ट्समध्ये लिहिणं म्हणजे पुढच्या वेळच्या घोळाची आजच सोय करणं, आणि तेव्हा कुणाला आठवतही नाही की ओळ कुठे लिहिली होती.

तर कुठे नाव आणि कुठे आकडा? कॉम्प्युटरवरच्या फोल्डरसाठी नाव वापरा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटाचा मार्ग आणि झेड ड्राइव्ह (त्या फोल्डरला दिलेलं ड्राइव्हचं अक्षर) दोन्ही नावानेच, आणि सगळ्या कॉम्प्युटरवर सारखेच. विंडोजला ‘हिशेब’ आणि ‘१९२.१६८.१.१०’ हे दोन वेगळे सर्व्हर वाटतात, एकाचा पासवर्ड दुसऱ्याला लागू होत नाही. प्रिंटरसाठी मात्र राखीव आकडा. विंडोज आपणहून प्रिंटर शोधून टाकतं तेव्हा बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट बनवतं, तो हाक मारून शोधण्यावर चालतो, आणि ‘ऑफलाइन’चं दुखणं बहुतेक तिथूनच येतं. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सवर जा, ॲड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, आणि प्रिंटरचा राखीव आयपी द्या. मग कॉन्फिगर पोर्टमधली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वरची खूण काढा. त्या खुणेमुळे विंडोज प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहतं, प्रिंटर त्या प्रश्नाला उत्तर देत नसेल तर विंडोज चालू प्रिंटरलाही ऑफलाइन ठरवतं.

राउटर बदलला की आणखी एक होतं. विंडोज नेटवर्क ओळखतं ते समोरच्या राउटरवरून. नवा राउटर म्हणजे नवं नेटवर्क, आणि ते ‘पब्लिक’ धरलं की कॉम्प्युटर हाकेला ओ देणं बंद करतो. सेटिंग्जमध्ये ते ‘प्रायव्हेट’ करा. वायफाय पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडलेलं नाही ना, तेही बघा. तिथे यंत्रं एकमेकांना दिसतच नाहीत.

‘मोबाइलवर कॅमेरे दिसतात, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर का नाही?’ असं हमखास विचारलं जातं. मोबाइलचं ॲप आयपी वापरतच नाही. रेकॉर्डर जागा झाला की कंपनीच्या सर्व्हरला आपला अनुक्रमांक आणि ‘मी आता इथे आहे’ असं कळवतो, ॲप त्या अनुक्रमांकावरून विचारतं. पत्ता कितीदाही बदलला तरी नोंद ताजी. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र जुना आकडा लिहिलेला आहे. रेकॉर्डरला .३० राखीव केलं की तेही मिटतं.

काट्याच्या इंडिकेटरचं, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राचं वजनच कॉम्प्युटरवर येत नसेल तर नेटवर्कला हात लावू नका, तो वेगळ्या नावाचा घोळ आहे. इंडिकेटर यूएसबी-सीरियल वायरने जोडलेला असतो आणि विंडोज त्याला कॉम३, कॉम५ असं नाव देतं. स्वस्त वायरींना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून विंडोज त्यांना कॉम्प्युटरच्या यूएसबी भोकावरून ओळखतं. झाडताना वायर शेजारच्या भोकात गेली की कॉम३ चा कॉम६ होतो आणि सॉफ्टवेअर जुन्याच नावाकडे बघत बसतं. वायर मूळ भोकात घाला आणि त्यावर रंगाची पट्टी चिकटवा; किंवा डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट्स, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन क्रमांक पुन्हा ३ करा.

लाईन आल्यावर सरकारी, बँकेच्या अशा साइट उघडत नसतील, ‘सर्टिफिकेट’ची तक्रार येत असेल, तर घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला की तारीख मागे जाते. सेल बदला.

सगळं झालं की मॅक, आयपी आणि नाव यांचा तक्ता कागदावर लिहून राउटरशेजारी भिंतीवर लावा, राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि गाड्या नसतील अशा वेळी चाचणी करा. कॉम्प्युटर नीट बंद करून मेन स्विच पाडा, राउटरचा यूपीएसही काढा, दहा मिनिटं थांबा. मग मुद्दाम उलट्या क्रमाने सुरू करा : आधी रेकॉर्डर आणि कॉम्प्युटर, मग राउटर, शेवटी प्रिंटर. सात-आठ मिनिटांत काट्यावरून पावती आणि ऑफिसातून एक पान छापून निघालं पाहिजे. नाही निघालं तर ‘आर्प -ए’ची यादी भिंतीवरच्या तक्त्याशी ताडा, ज्या ओळीत मॅक जुळत नाही, तिथली राखीव जोडी चुकीची लिहिली गेली आहे.